दुसरा टेक

माझ्या वडिलांची अकोल्यात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. एका किराणा दुकानाच्या वर लांबट खोली, तिच्यात दोन रांगांनी मांडलेल्या मशिनी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारा खडखडाट. मागच्या बाजूला आमचं घर. त्या आवाजात मी अभ्यास केला, जेवले, तापात झोपले. नवीन विद्यार्थी आला की बाबा त्याच्या हातांवर मोठा रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "डोयायचं काम नाही हे, बोटायचं आहे." मग तो मुलगा रुमालाखाली चाचपडत तीच ती अक्षरं आठवडाभर बडवत बसायचा.

गिटार घरात आली ती मावसभावाची. त्यानं हौसेनं घेतली आणि बोटं दुखतात म्हणून आमच्या कपाटावर आणून टाकली. आई मी बारावीत असताना गेली, आणि त्या सुट्टीत मी ती खाली काढली. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, वेग निम्मा करायचा, एक तुकडा घ्यायचा आणि बोटांना तो पाठ होईपर्यंत वाजवायचा. हे कसं करायचं ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. टायपिंगच्या घरातली होते. चारही बोटं एकामागून एक, सारख्या दाबानं, सारख्या अंतरानं. वेग आपोआप वाढतो, त्याच्या मागे लागायचं नसतं. अमरावतीला इंजिनीअरिंगला गेले तोवर मी बऱ्यापैकी अवघड गोष्टी वाजवत होते. मुलगी आणि गिटार, म्हणून कॉलेजात नावही झालं होतं.

ज्याच्याशी पुढे माझं लग्न झालं, त्याला मी पहिल्यांदा ऐकलं ते गॅदरिंगला. माझा नंबर त्याच्यानंतर होता, म्हणून मी विंगेत उभी होते. हॉलमध्ये शिट्ट्या चालू होत्या, पोरं सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करत होती. हा स्टूल ओढून बसला आणि काही न बोलता संथ ब्लूज सुरू केलं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं, दुःखाचं. तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, असतात, चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा एक फेरा असतो, आणि तो पुन्हा पुन्हा येतो. मला ते शास्त्र सगळं माहीत होतं. त्यानं तिसरी तार दाबून वर ओढली. तार ओढली की सूर रडल्यासारखा चढतो, तिथून पुढच्या सुरापर्यंत जायचं असतं. त्याची ओढ तिथपर्यंत जात नव्हती, केसभर खालीच राहत होती. तालही एकदोनदा सुटला. हे सगळं मला कळत होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. हॉल गप्प झाला होता. मागच्या रांगेतली शिट्टीवाली पोरंसुद्धा.

त्यानंतर मी वाजवलं. जोरात, स्वच्छ, एकही चूक नाही. टाळ्या त्याच्यापेक्षा जास्त पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "तुमी लय सफाईनं वाजवता."

मी थँक्यू म्हटलं.

"एक सांगू? राग नका येऊ देऊ. टायपिंग केल्यासारखं वाटते."

मला हसू फुटलं. म्हटलं, "माझे वडील टायपिंगच शिकवतात."

त्याचा चेहरा असा पडला की मला अजून हसू आलं. मग तोही हसला. आमचं तिथून सुरू झालं.

शिक्षण संपल्यावर मी अमरावतीतच राजापेठेत एका कोचिंग क्लासच्या वरची खोली घेतली आणि दिवसा एका ऑफिसात ड्रॉइंगचं काम करू लागले. संध्याकाळी तो यायचा. मी मागचे कॉर्ड धरायची, तो पुढे वाजवायचा. खाली पोरं गणिताची सूत्रं घोकत असायची. मी फोनवर सूर मोजायचं ॲप लावून त्याला दाखवायची की बघ, तुझी ओढ इथपर्यंतच जाते, अजून एवढी हवी. तो फोन उलटा करून ठेवायचा.

"सूर काय मोजून येते का?"

"येतो. मोजला की कळतो, कळला की येतो."

"तुया येते. पण तो मेलेला येते."

मी चिडायची नाही. मला ते खरं वाटायचं. मी त्याचं वाजवणं ऐकलं होतं, माझंही ऐकलं होतं. आपल्यात काहीतरी कमी आहे, ते सरावानं येणारं नाही, हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं होतं. एकदा तो म्हणाला, "डोये मीट. तुया आईची आठवण कर. अन् वाजव." मी डोळे मिटले. आईची बोटं आठवली. ती अकोटकडची, लहानपणी शाळा सोडून कापूस वेचायला जायची. सुकलेल्या बोंडाची टोकं लागून तिच्या नखांच्या कडा कायमच्या फाटलेल्या होत्या, दिवाळीत मेंदी लावली की तिथं जास्त गडद व्हायची. हे सगळं मला स्पष्ट दिसलं. मी वाजवलं.

त्यानं माझ्या हातातून गिटार घेतली. मग म्हणाला, "राहू दे."

तोही अकोटचाच. त्याच्या घरची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. त्याच्या घरच्यांना मी चालणार नव्हते. का, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही अमरावतीलाच नोंदणी करून लग्न केलं. माझ्याकडून बाबा आणि मावशी आले, त्याच्याकडून मित्र. बाबांनी त्याला पांढरा शर्ट आणला होता, तो मापात बरोबर बसला. त्यानं तो दिवसभर काढला नाही. त्या दिवशी तो फार गोड वागला हे मी कुणासमोरही सांगेन.

राजापेठेतली तीच खोली आम्ही वाढवून घेतली आणि गिटारचा क्लास सुरू केला. शिकवायची मी. पालक चौकशीला आले की वाजवून दाखवायचा तो. ऐकून बायांचे डोळे भरायचे आणि त्या मुलाची फी भरून जायच्या. मग पुढचं वर्षभर मी त्या मुलाची बोटं सरळ करत बसायची. आम्हाला यात गंमतच वाटायची. बाहेर कार्यक्रम मिळू लागले. हॉटेलं, कॉलेजं, कधी नागपूर. स्टेजवर तो सांगायचा, "ब्लूज म्हणजे कापूस वेचणाऱ्यांची गाणी. आपणही कापसाच्या मातीतली माणसं." लोकांना ते फार आवडायचं. मी मागे कॉर्ड धरून बसलेली असायची. मला आईची नखं आठवायची, पण ते बोलून दाखवण्यासारखं काही नव्हतं. तो बोलायचा तेव्हा त्याचा आवाज खरोखर भरून यायचा, ढोंग नव्हतं ते. त्याला शेतातल्या कुणाचंही दुःख पटकन लागायचं. घरी मी ताप घेऊन पडले की मात्र तो खोलीत येऊन दारातच थांबायचा आणि विचारायचा, "काही आणू का?" आणि मी नाही म्हटलं की सुटल्यासारखा निघून जायचा.

मला दिवस गेले तेव्हा त्यानं पोटाला कान लावून एक धून बसवली होती. दोनच ओळींची. माझ्या पोटावर तो बोटांनी ठेका धरायचा आणि आतून लाथ आली की ओरडायचा, "पाह्य, तालात आहे पोट्टी!" मुलगीच होणार हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

सातवा संपत आला होता. एका सकाळी मला जाणवलं की कालपासून हालचाल नाही. मी गोड खाऊन पाहिलं, कुशीवर झोपून पाहिलं. मग आम्ही दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी आधी पडदा माझ्याकडे वळवलेला होता, तो त्यांनी हळूच स्वतःकडे फिरवला. बाळाचे ठोके थांबले होते.

तरी बाळंतपण व्हावंच लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. कळा देऊन ते करतात. शेजारच्या खाटांवर बाळं रडत होती. माझी झाली तेव्हा खोलीत कुणीच आवाज केला नाही. मुलगी होती. मी म्हटलं, मला द्या. नर्स मावशीकडे बघायला लागली आणि मावशी म्हणाली, "नको पाहू बेटा. मंग जल्मभर डोयासमोर राह्यते." माझ्यात भांडायची ताकद नव्हती. कपड्यात गुंडाळून तिला बाहेर नेलं. बाबा अकोल्याहून आलेले होते. ते आणि तो, दोघं मिळून तिला घेऊन गेले.

तो परत आला तो रडतच आला. वॉर्डातल्या सगळ्या बाया माना वळवून बघत होत्या. त्यानं माझ्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि तो हुंदके देऊन रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. कुठल्याशा बाईनं मावशीला विचारलेलं मला ऐकू आलं, "पोरगी काहून रडत नाही?"

बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या चपलांना माती होती.

घरी आल्यावर मला दूध आलं. शरीराला कुणी कळवलेलं नव्हतं. मावशीनं जुनं धोतर फाडून घट्ट पट्टा बांधला, गोळ्या होत्या त्या दिल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पलीकडच्या खोलीत, क्लासच्या, तो रेकॉर्डिंग करत होता. पोटावर बसवलेली ती दोन ओळींची धून त्यानं पुढे वाढवली होती. भिंत पातळ होती. मला सगळं ऐकू यायचं. तो सुरुवात करायचा, मध्ये कुठेतरी अडायचा, स्वतःला शिवी घालायचा, पुन्हा पहिल्यापासून नवा टेक. एका जागी, तार ओढण्याआधी, तो मोठा श्वास घ्यायचा. दरवेळी तिथंच घ्यायचा.

दोनेक दिवसांनी तो हेडफोन घेऊन माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"ऐक न जरा. दोन टेक बरे आले. कोणता घेऊ?"

मी उठून बसले. त्यानं माझ्या कानांवर हेडफोन ठेवला. मी पहिला ऐकला, मग दुसरा. आमच्या मुलीबद्दलचं ते वाजवणं होतं. इतकं सुंदर त्यानं आधी कधीच वाजवलं नव्हतं. मी ते ऐकत होते आणि पट्ट्याखाली दूध पाझरत होतं.

"दुसरा," मी म्हटलं. "पहिल्यात तार पूर्ण वर जात नाही. शेवटचा सूर कमी पडतो."

"पण पहिल्यात फील जास्त आहे न?"

"दोन्हीत तेवढाच आहे."

त्यानं हेडफोन काढून घेतला. मग म्हणाला, "मंग दुसराच घेतो. तो श्वासाचा आवाज काढून टाकू का?"

"राहू दे. चांगला वाटतो."

त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो गेला. मी पुन्हा भिंतीकडे वळले. आपण आत्ता काय बोललो, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

त्यानं ते इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं होतं, आमच्या लेकीसाठी. लोकांनी ते किती ठिकाणी पाठवलं देव जाणे. माझ्या ऑफिसातल्या मुलींनी मला निरोप पाठवले की ऐकून रडलो, की तुला असा नवरा मिळाला, भाग्य आहे तुझं. त्या श्वासाबद्दल खूप जणांनी लिहिलं होतं.

मावशी परत गेली आणि आम्ही दोघंच उरलो. एका दुपारी त्यानं माझी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"आता तू वाजव."

"नको रे."

"वाजव त. इतके दिवस तुयापाशी काही नव्हतं. आता आहे. आता येईन तुया हातात."

वाईट हेतूनं म्हणाला नाही तो. जवळ बसून, अगदी हळू आवाजात म्हणाला. मला काही द्यायला आल्यासारखा. आणि मलाही, खरं सांगायचं तर, वाटून गेलं की येईल. एवढं झाल्यावर तरी येईल. मी गिटार जवळ ओढली. तिची कड छातीला लागली तशी कळ मस्तकात गेली. मी संथ ब्लूज सुरू केलं. एक फेरा, दुसरा फेरा. तार ओढली, ती जिथं जायला हवी बरोबर तिथं गेली. मनात कुठलाही विचार नव्हता. त्या वॉर्डातली खिडकी दिसत होती फक्त, आणि तिच्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी नॅपकिन.

तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबले तेव्हा त्यानं डोळे उघडले. त्यांत इतकी निराशा होती की मला त्याचीच दया आली.

"तसंच आहे," तो म्हणाला. "टायपिंग."

माझा कुर्ता समोरून ओला झाला होता आणि गिटारच्या लाकडावर ओल उतरली होती. त्यानं ते पाहिलं. पाहून तो उठला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला. मी ओढणीनं गिटार पुसली आणि कव्हरमध्ये ठेवली.

भांडण झालं नाही. आठवड्यानं मी म्हटलं, अकोल्याला जाऊन येते. तो म्हणाला, "जा, आराम पडीन." स्टँडवर सोडायला आला, पाण्याची बाटली घेऊन दिली, एसटी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला. परत जायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं, घरी गेले, आणि मग एकेक दिवस जात राहिला. तो आधी रोज फोन करायचा, मग कधी कधी. फोनवर तो नवीन कार्यक्रमांबद्दल सांगायचा. त्या एका धुनेमुळे त्याला पुण्याचीसुद्धा बोलावणी येऊ लागली होती. ती मुलगी कशी दिसत होती, हे मला त्याला विचारायचं असायचं. दरवेळी विचारू म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

पुढे कोर्टातून समजुतीनं वेगळं झालो. तिथंही तो सभ्यपणे वागला. माझी राहिलेली पुस्तकं त्यानं खोक्यात नीट भरून आणली होती.

बाबांच्या इन्स्टिट्यूटमध्ये आता कॉम्प्युटर आहेत. खडखडाट गेला. तिथल्या एका कोपऱ्याला पडदा लावून मी गिटार शिकवते. मुलं येतात, मी त्यांची बोटं सरळ करते. घरी पाहुणे आले आणि कुणी म्हणालं, वाजव की काही, तर मी वाजवते. लोक म्हणतात, किती छान हात आहे. मी काय वाजवलं ते मला आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात तो अकोल्याला आला. एका कॉलेजच्या हॉलमध्ये रविवारी दुपारचा कार्यक्रम होता. मी जाणार नव्हते. बाबांनीच पेपरातली जाहिरात दाखवली आणि म्हणाले, "मले ऐकाचं आहे."

"काय ऐकायचंय?"

"ते. लेकरावरचं. म्या ऐकलंच नाही कधी."

त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. मी त्यांना कधी ते ऐकवलं नव्हतं, आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. आम्ही गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. हॉल भरलेला होता.

तो आता सुरेख बोलतो. वऱ्हाडी पार गेली आहे. कापूस वेचणाऱ्यांची गाणी, कापसाची माती, सगळं सांगून झालं. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ही शेवटची धून माझ्या मुलीची आहे. ती जगात आली, पण तिनं डोळे उघडले नाहीत. या हातांनी मी तिला मातीत ठेवलं. त्यानंतर हे हात बदलले."

बाबांनी मान खाली घातली.

त्यानं वाजवायला सुरुवात केली. मी मनाशी ठरवून आले होते की आपण ऐकायचं ते फक्त बोटांचं काम. दुसऱ्या ओळीपर्यंत तेवढंच ऐकलं. मग तो श्वास आला. त्या जागी तो अजूनही श्वास घेतो. आणि त्यानं तार ओढली, ती पूर्ण वर गेली, खोटी नाही, कमी नाही, आणि तिथं ती थरथरत राहिली. मला दवाखान्यात जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर पडत होता. पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे न बघता तिचा रुमाल माझ्याकडे केला. हॉलमध्ये बरीच माणसं रडत होती. त्यांच्यातच मी. माझ्या मुलीसाठी मी पहिल्यांदा रडले ते तिकीट काढून, अनोळखी लोकांत बसून.

हे खोटं आहे असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते खोटं नव्हतं. तो माझ्यापाशी बसू शकला नाही, पण वाजवत होता ते सगळं खरं होतं.

बाहेर फाटकाशी त्यानं आम्हाला पाहिलं. घाईनं आला, बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आलीस," तो मला म्हणाला.

"हो."

"कसं झालं? खरं सांगजो." मध्येच त्याची जुनी भाषा परत आली.

"छान झालं. ती तिसऱ्या तारेवरची ओढ आता पूर्ण जाते."

तो हसला. त्याचे डोळे भरले. "तुनंच शिकवली," तो म्हणाला. आणखी काही बोलणार होता, पण पोरं फोटोसाठी आली आणि तो त्यांच्याकडे वळला.

आम्ही ऑटोनं परतलो. घरी येऊन मी चहा टाकला. ते स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसले. सहसा ते तिथं बसत नाहीत.

"तो उतरला नव्हता," ते म्हणाले.

"कोण?"

"तो. स्मशानाच्या फाटकापाशी ऑटो थांबला, अन् त्याच्यानं काही उतरनं झालं नाही. दोन्ही हातानं दांडा धरून बसला. म्या म्हटलं, बस बाप्पा तू, मी जातो."

गॅस मी बंद केला.

"मंग तुमीच..."

"हाव. मीच. तिथच्या माणसानं खड्डा करून ठेवला होता. म्या त्याले म्हटलं, जरा थांब." बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. "म्या कपडा काढून पाह्यलं तिले. तुले दाखवलं नव्हतं न कोणी. म्हटलं, कोणी त पाहाव."

मी त्यांच्या पायांशी फरशीवर बसले.

"कशी होती?"

"गोरी नव्हती. तुया आईच्या रंगावर होती. केस होते लय, काये. कपाळावर चिकटले होते. म्या बाजूला केले. बोटं लांब होती."

"डोळे?"

"मिटलेले. झोपल्यासारखी होती पोरगी. म्या बुद्धाचं त्रिशरण म्हटलं. पूर्ण येते मले, पण तवा मधातच विसरलो. दोनदा म्हटलं मंग."

"बाबा, एवढे दिवस सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाही. म्हटलं, पोरगी भुलली असन त काहून उकराचं." त्यांनी चष्मा काढला. त्यांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. "आज त्यानं वाजवलं अन् मले ते केस दिसले. त्याचा राग नाही मले. तरणं पोरगं, घाबरलं. पण म्या ठेवली तिले. तो म्हणते का म्या ठेवली."

चहा तसाच राहिला. संध्याकाळ झाली तरी आम्ही दिवा लावला नाही. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, केस कसे, कान कसे, वजन जाणवत होतं का. ते न कंटाळता सांगत होते. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणत होते, बनवून काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेलो. स्मशानभूमीच्या मागच्या अंगाला लहान लेकरांची जागा आहे. तिथं कुणी दगड लावत नाही, नाव घालत नाही. गवत वाढलेलं होतं, काही ठिकाणी माती नवी होती. बाबा भिंतीपासून अंदाज घेत चालले, एका कडुलिंबाच्या झाडाकडे बघत थांबले.

"इथं," ते म्हणाले. मग थोडं पुढे गेले. "नाही. इथं असन. तवा हे झाड एवढं नव्हतं."

ते दोन्हींच्या मध्ये उभे राहिले, आणि त्यांना काही ठरवता येईना. मी म्हटलं, असू द्या बाबा. मी आधी एका जागी बसले, गवतावर हात फिरवला. मग उठून दुसऱ्या जागी बसले.